सांध्यांतला मळ



ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला आलेला पूर आपल्यापैकी कुणीही विसरलेले नाही. पाणी ओसरल्यावर घराघरांत गुडघाभर गाळ उरला होता. त्या दिवसांत आपल्या धर्मग्रामातील आम्ही काही जण खराटे, बादल्या आणि फडकी घेऊन घरोघर फिरत होतो. ज्यांच्याकडे माणूसबळ नाही अशांची घरे आधी घ्यायची, एवढेच ठरवले होते. त्यात एका वयोवृद्ध मावशींचे घर होते. त्यांच्या वडिलांनी स्वातंत्र्याच्या आधी बांधलेले, बैठे, दोन खोल्या आणि पडवीचे. या घरात एकच दागिना होता आणि तो म्हणजे फरशी. लाल, पिवळ्या आणि करड्या रंगांच्या फुलांची सिमेंटची लादी. चार लाद्या जुळल्या की एक पूर्ण फूल व्हायचे.

आम्ही गाळ उपसला, पाण्याचे पाइप सोडले, खराट्याने घासले. लादी वर आली, पण लाद्यांमधले सांधे काळे ते काळेच राहिले. दुपार टळत आली होती, अजून दोन घरे बाकी होती. आमच्यापैकी एक जण जवळच्या दुकानातून अ‍ॅसिडची बाटली घेऊन आला. पडवीच्या कोपऱ्यात ते ओतले. फसफसून फेस आला, आणि आम्हाला वाटले, मळ निघतोय! पाणी मारल्यावर सांधे खरेच पांढरे दिसले. आम्ही खूश झालो. संध्याकाळी फरशी वाळली तेव्हा त्या कोपऱ्यातली फुले फिकट पडली होती. हात फिरवला तर तळवा खरखरत होता.

मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी चहा केला, सर्वांना आशीर्वाद दिले. चार दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा त्या कोपऱ्यावर सतरंजी अंथरलेली दिसली.

त्या सतरंजीने आम्हाला विचार करायला लावले. आपण नेमके काय बिघडवले, हे कळावे म्हणून आम्ही फरशीविषयी वाचू लागलो, जाणकारांना विचारू लागलो. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत. त्यात थोडा इतिहास आहे, थोडी कामाची माहिती आहे, आणि शेवटी आपल्याच शहरातली एक जुनी गोष्ट आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात जमीन सारवलेली असे. मातीची जमीन चोपून घट्ट करायची आणि शेणाने सारवायची. ती उखडली की पुन्हा सारवायची. तिला सांधे नव्हते, म्हणून सांध्यांतला मळही नव्हता. मग दगड आला. शहाबादी फरशी आणि कोटा या दोन्ही चुनखडीच्या जातीच्या दगडांनी महाराष्ट्र-गुजरातेतली किती तरी घरे, शाळा आणि प्रार्थनाघरे भरून गेली. 'फरशी' हा आपला शब्दही फारसी 'फर्श'वरून आला.

नक्षीची लादी मात्र समुद्रापलीकडून आली. इंग्लंडमध्ये १८३० साली सॅम्युअल राइट याने मातीच्या लादीत दुसऱ्या रंगाच्या मातीची नक्षी भरण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटन याने ती रीत वाढवली, आणि पाहता पाहता तिकडच्या चर्चच्या जमिनी अशा लाद्यांनी भरल्या. मुंबईत कुलाब्याला अफगाण चर्च आहे. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या चर्चचे समर्पण १८५८ साली झाले. तिथल्या जमिनीच्या भौमितिक नक्षीच्या लाद्या इंग्लंडहून आणलेल्या आहेत.

मंगळुरूला वेगळी गोष्ट घडली. बासेल मिशनचे लोक तिथे १८३४ मध्ये आले. ज्यांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली त्यांचे घर तुटले, जात तुटली आणि जातीबरोबर पोटाचा धंदाही गेला. या माणसांनी जगायचे कसे, या प्रश्नातून मिशनने विणकामाचे आणि कौलांचे कारखाने काढले. १८६५ मध्ये जॉर्ज प्लेब्स्ट यांनी तिथल्या नदीकाठच्या चिकणमातीतून कौले पाडायला सुरुवात केली. आपण ज्यांना मंगळुरी कौले म्हणतो ती हीच. पुढे या कारखान्यांत जमिनीच्या लाद्याही होऊ लागल्या. श्रद्धेपायी घराबाहेर पडलेल्यांच्या हातांनी दुसऱ्यांच्या घरांना छप्पर आणि जमीन दिली, हे आम्हाला विसरता येत नाही.

मावशींच्या घरातली लादी मात्र भट्टीत भाजलेली नाही. ती सिमेंटची आहे. १८२४ मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, आणि त्याच शतकाच्या मध्याला फ्रान्सच्या दक्षिणेत सिमेंटच्या लाद्या दाबून काढण्याची कला रुजली. पितळी साच्यात रंगांचे कप्पे असतात. पांढरे सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग यांचे पातळ मिश्रण कारागीर हाताने त्या कप्प्यांत ओततो. मग कप्पे अलगद उचलून वर कोरडे आणि जाडे सिमेंट भरतो, दाबयंत्राखाली दाबतो, आणि लादी पाण्यात मुरायला ठेवतो. आग लागतच नाही. वरचा रंगीत थर फक्त काही मिलिमीटर जाड असतो. आपल्याकडे स्वदेशीचे वारे वाहत असताना, १९२२ मध्ये, फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी मुंबईत भारत टाइल्स सुरू केली आणि परदेशी लाद्यांच्या तोडीच्या लाद्या इथेच बनू लागल्या. पश्चिम भारतातल्या कितीएक जुन्या घरांत अशी सिमेंटची फुले आजही पायाखाली आहेत.

बडोदे हे तर जमिनीकडे पाहून चालण्याचे शहर. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून आणलेला शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये इथे गादीवर बसला आणि महाराजा सयाजीराव गायकवाड झाला. त्यांचा लक्ष्मीविलास राजवाडा मेजर चार्ल्स मँट यांनी आखला. मँट यांच्या निधनानंतर रॉबर्ट चिझम यांनी तो पुरा केला. १८९० मध्ये तयार झालेल्या या वाड्याच्या दरबार हॉलची जमीन व्हेनेशियन मोझॅकची आहे. पाहुणे तिथे आले की वर खिडक्यांच्या रंगीत काचा पाहतात आणि खाली ती जमीन. राजाचे नाव, वास्तुकाराचे नाव सर्वांना ठाऊक आहे. रोज पहाटे गुडघे टेकून ती जमीन ज्यांनी पुसली, त्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत.

आता पुन्हा आमच्या चुकीकडे येऊ. सिमेंट, संगमरवर, शहाबादी, कोटा या सर्वांच्या पोटात चुना आहे. बाजारातले अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. ते चुन्याला भेटले की चुना विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू फसफसून बाहेर पडतो. आम्ही जो फेस पाहून खूश झालो तो मळ निघत असल्याचा नव्हता, फरशी मरत असल्याचा होता. मळाबरोबर सिमेंटचा वरचा थर गेला आणि खालची वाळू उघडी पडली. अशा उघड्या, खडबडीत सांध्यात पुढच्या वेळी मळ दुप्पट वेगाने बसतो. मग पुन्हा अ‍ॅसिड, पुन्हा फेस. शेवटी सांधे पोकळ होतात आणि लाद्या वाजू लागतात. पाण्याबरोबर उतरलेले क्षार पुढे पांढऱ्या डागांच्या रूपाने वर येतात, ते वेगळेच. आणि हेच अ‍ॅसिड माणसांच्या चेहऱ्यांवर फेकले गेले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, हेही आपण लक्षात ठेवावे.

मग चिवट मळ काढायचा कसा? फरशी घासण्या-पॉलिश करण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा एका वयस्क मिस्त्रींना आम्ही त्या घरी नेले. त्यांनी सतरंजी बाजूला केली, बसकण मारली आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, आधी ओळख करून घ्यायची, मग हात लावायचा. फरशी कशाची आहे ते कळत नसेल तर एका आडोशाच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एकच थेंब टाकून पाहायचा. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे, तिला कसलेही आम्ल लावायचे नाही. थेंब लगेच पुसून घ्यायचा. आजकालच्या व्हिट्रिफाइड लाद्यांना हे भय नाही. त्या स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पितात. पण त्यांच्यामधला सांधा बहुधा सिमेंटचाच असतो. म्हणून नव्या घरांतही लादी मळत नाही, सांधा मळतो.

तो मळतो कसा, हेही त्यांनीच दाखवले. सांधा लादीपेक्षा किंचित खोल असतो आणि त्याला बारीक छिद्रे असतात. आपण एकाच बादलीत पोतेरे बुडवून सगळे घर पुसतो. तिसऱ्या खोलीपर्यंत ते पाणी चहाच्या रंगाचे होते. ते लादीवरून घसरते आणि सांध्यात जाऊन थांबते. पाणी उडून जाते, मळ राहतो. म्हणजे सांधे काळे करणारे बऱ्याचदा आपले पोतेरेच असते. रोज पुसूनही फरशी मळकट दिसते, याचे कारण हे.

त्यांची रीत अशी. प्रथम कोरडे झाडून घ्यायचे. पुराच्या गाळात वाळू असते. ती तशीच घासली तर लादीवर ओरखडे उठतात. मग सांधे साध्या पाण्याने भिजवायचे, म्हणजे छिद्रे पाण्याने भरतात आणि पुढे लावलेला साबण आत मुरून बसत नाही. त्यानंतर सौम्य साबणाचे कोमट पाणी. स्वयंपाकघरातला तेलकट थर असेल तर धुण्याचा सोडा, तोही थोडा, आणि हातात रबरी मोजे घालून. सांध्यांवर खाण्याच्या सोड्याचा लगदा लावला तरी चालतो. लावून लगेच घासायचे नाही. दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, पण वाळू द्यायचे नाही. मळ सैल करण्याचे निम्मे काम हा वेळच करतो. मग नायलॉनचा अरुंद ब्रश घेऊन सांध्याच्या दिशेने मागे-पुढे घासायचे. तारेचा ब्रश नको. त्याचे तुकडे सांध्यात अडकतात आणि गंजाचे डाग पडतात.

यापुढची पायरी आपण सगळेच चुकवतो, असे ते म्हणाले. सुटलेले घाण पाणी तिथेच पसरवायचे नाही, उचलून घ्यायचे. मोठ्या कंपन्यांकडे पाणी ओढणारी यंत्रे असतात. आपल्याकडे कोरडे सुती कापड आणि दोन बादल्या पुरेत. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके धुवायचे पाणी, आणि दुसरीतले पाणी वारंवार बदलायचे. शेवटी दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे पुसायचे. तेलाचा जुना डाग असेल तर मुलतानी माती साबणाच्या पाण्यात कालवून त्यावर जाड थापायची, वर प्लॅस्टिक झाकायचे आणि एक दिवस सोडून द्यायचे. नंतर प्लॅस्टिक काढून ती वाळू द्यायची. वाळता वाळता माती डाग वर ओढून घेते. ओलाव्याने काळी बुरशी धरली असेल तर ऑक्सिजन ब्लीचची पावडर. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली: साधे ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ द्यायचे नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो.

सगळे करूनही सांधा काळा राहिला, तर तो खरवडून काढून नवा भरायचा. तो कोरडा आणि घट्ट झाल्यावर आत मुरणारे सीलर द्यायचे. लादीवर घासण्याचा दगड फिरवायचा तर अगदी बारीक दाण्याचा, आणि हलक्या हाताने. फुलांचा थर काही मिलिमीटरच असतो, एकदा गेला की परत येत नाही.

मिस्त्रींनी आणि आम्ही मिळून तीन रविवार दुपारी त्या पडवीत काम केले. गुडघे दुखले. बाकीची फरशी उजळली, सांधे दिसू लागले. अ‍ॅसिड पडलेला कोपरा मात्र पहिल्यासारखा झाला नाही. खरखर कमी झाली, रंग आला नाही.

पण हे लिहिण्याचे खरे कारण अजून सांगायचे आहे.

सांध्यांतल्या मळाविषयी बोलता बोलता आमच्यातल्या एकाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची बडोद्याची आठवण काढली. सप्टेंबर १९१७ मध्ये ते इथे आले. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनला शिकून ते संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला आले होते. राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी वसतिगृहात नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्याच दिवशी खोली सोडा असे सांगितले गेले. मग त्यांनी आपल्या दोन ओळखीच्या माणसांकडे आसरा मागितला. एक हिंदू होते. दुसरे भारतीय ख्रिस्ती होते.

या ख्रिस्ती मित्राने सांगितले की पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. बाबासाहेबांना नंतर समजले की तो टाळण्याचा प्रकार होता. पतिपत्नी मुळात ब्राह्मण कुटुंबांतले. बाप्तिस्म्यानंतर पती उदार मनाचे झाले, पण पत्नी जुन्याच वळणाच्या राहिल्या, आणि अस्पृश्याला घरात ठेवून घेणे त्यांना मानवले नसते. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे पाच तास त्यांनी कामाठीबागेत, आजच्या सयाजीबागेत, बसून काढले. ज्या शहरात व्हेनेशियन मोझॅकची जमीन होती, त्या शहरात या माणसाला पाठ टेकायला एका घराची फरशी मिळाली नाही. आणि ज्या दोन दारांवर त्यांनी हात ठेवला, त्यांतले एक आपले होते.

आपल्याला वाटते, बाप्तिस्म्याच्या पाण्याने सगळे धुऊन निघते. लादी उजळते हे खरे. सांध्यात काय उरले आहे ते पाहायला वाकावे लागते. आजही लग्नाची बोलणी सुरू झाली की आपल्यात हळूच कोणते प्रश्न विचारले जातात, कुणाच्या घरी आपण पाणी पितो आणि कुणाच्या घरी 'आत्ताच झाले' म्हणतो, चर्च झाडणाऱ्या माणसाला आपण नावाने हाक मारतो की नाही, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. आम्ही विचारले. मिस्त्री तीन रविवार आमच्याबरोबर राबले, आणि पहिल्या दिवशी त्यांना चहा वेगळ्या कपात दिला गेला. तो कप आमच्यापैकीच एकाने पुढे केला होता. सवयीने, न कळत. मावशींनी तो कप उचलून घेतला आणि आपल्या कपातला चहा त्यांना दिला. त्यावर कुणी काही बोलले नाही.

दुसऱ्या इतिहासाच्या एकोणतिसाव्या अध्यायात हिज्कीया राजाने मंदिर शुद्ध करवल्याची हकिगत आहे. याजक आतल्या गाभाऱ्यात शिरले, आणि तिथली सगळी अशुद्धता बाहेर काढून किद्रोन ओढ्याकडे नेण्यात आली. काम पहिल्या दिवशी सुरू झाले, आठव्या दिवशी देवडीपर्यंत पोचले, आणि पुढचे आठ दिवस घेऊन सोळाव्या दिवशी पुरे झाले. सोळा दिवस! राजाच्या हुकमाने, इतके हात असताना. पवित्र शास्त्राने हे दिवस मोजून लिहून ठेवले, ते उगाच नव्हे.

घाई झाली की आपण अ‍ॅसिड उचलतो. घरात मुलांशी, धर्मशिक्षणाच्या वर्गात, समाजातल्या वादांत एक जळजळीत वाक्य फेकतो. फेस येतो, आणि आपल्याला वाटते, सुधारणा झाली. वाळल्यावर दिसते की मळाबरोबर माणसाचा वरचा नाजूक थर गेला. दुसरे टोकही तितकेच वाईट आहे: सांधा काळा आहे हे ठाऊक असून वर सतरंजी अंथरणे. १९१७ च्या त्या दुपारीवर आपण बडोदेकर ख्रिस्ती मंडळींनी अशीच सतरंजी टाकून ठेवली आहे. तिच्याविषयी आपल्या वर्गांत आम्हीही आजवर कधी बोललो नव्हतो. यापुढे बोलणार आहोत.

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने अंगवस्त्र काढून ठेवले, कमरेला रुमाल बांधला, घंगाळात पाणी घेतले आणि शिष्यांचे पाय धुतले. पाय धुणाऱ्याला जमिनीवर बसावे लागते. तिथून मळ दिसतो, आणि माणसाचा चेहरा पाहायला वर बघावे लागते.

यंदाच्या उपवासकाळात आपल्या चर्चची फरशी धुण्याचे काम आम्ही शनिवारी दुपारी ठेवले आहे. सौम्य साबण, नायलॉनचे ब्रश, दोन-दोन बादल्या. अ‍ॅसिड नाही. मिस्त्री येणार आहेत, मावशीही येणार आहेत. चहा सगळ्यांना एकाच किटलीतून, एकसारख्या कपांत. आपणही यावे. जुनी ओढणी किंवा धोतराचे फडके जवळ असेल तर आणावे, आणि गुडघ्याखाली घ्यायला एखादे पोते.

प्रभू आपल्या घरांना आणि आपल्यातल्या सांध्यांना सांभाळो. आमेन.